देवनागरीत भविष्यवेधी ठळक अक्षर: निवड, मांडणी आणि पाटीवरचे काम

नाशिकमध्ये पाट्यांचे आणि बोधचिन्हांचे काम करताना अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतून जी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांतील बहुतेकांच्या मोबाइलमध्ये साधारण एकाच घडणीच्या अक्षरांचे चित्र असते. अक्षरे रुंद आणि जाड असतात, कोपरे किंचित गोलावलेले असतात, आडव्या-उभ्या रेघा सारख्याच जाडीच्या दिसतात, आणि पाहताक्षणी अवकाशयान किंवा यंत्रमानव आठवतो. ती अक्षरे रोमन लिपीतली असतात. ‘हेच मराठीत करून द्या’ अशी मागणी होते, आणि ती पुरी करताना जे कळत गेले ते येथे मांडत आहे. ज्यांना स्वतःच्या कारखान्याची किंवा दुकानाची पाटी करून घ्यायची आहे, त्यांना आणि संगणकावर बसून हे काम करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

देवनागरीत हे अक्षर उत्तम साधते, मात्र त्यासाठी काळ्या रेघेआधी तिच्या पोटातली पांढरी जागा सांभाळावी लागते. या जागेला मी पुढे ‘पोकळी’ म्हणेन. खालच्या बहुतेक सूचना या पोकळीशीच येऊन मिळतात.

ही घडण आली कोठून

वर्तुळ, चौकोन आणि सरळ रेघ एवढ्याच सामग्रीतून अक्षर घडवण्याचा विचार जर्मनीत १९२० च्या दशकात रुजला. बाउहाउस या कलाशाळेत हर्बर्ट बायर यांनी १९२५ च्या सुमारास अशी वर्णमाला काढली आणि १९२७ मध्ये पॉल रेनर यांचा ‘फ्युच्युरा’ हा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच, बाजारात आला. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या यानाबरोबर चंद्रावर ठेवलेल्या धातूच्या पट्टीवरचा मजकूर याच अक्षरात आहे, त्यामुळे ‘भविष्य’ आणि ‘भौमितिक अक्षर’ यांची जोडी लोकांच्या मनात पक्की बसली. त्याआधीच, १९६२ मध्ये, इटलीतील तुरिनच्या नेबिओलो या फाउंड्रीसाठी, म्हणजे टाइप घडवणाऱ्या कंपनीसाठी, आल्दो नोव्हारेसे यांनी ‘युरोस्टाइल’ केला होता. त्यात वर्तुळाच्या जागी जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखा, कडा फुगलेला आणि कोपरे गोल झालेला चौकोन आहे. आज माझे ग्राहक जे चित्र दाखवतात, त्याचे मूळ बहुधा या फुगीर चौकोनात असते.

फ्युच्युराकडे बारकाईने पाहिले तर त्यातले वर्तुळ कंपासाने काढलेले नाही हे दिसते. जेथे गोलाई उभ्या रेघेला मिळते तेथे रेघ हळूच बारीक केलेली आहे आणि आडवी रेघ उभीपेक्षा किंचित कमी जाड आहे. डोळ्याला आडवी रेघ मुळातच जाड भासते, म्हणून पट्टीने मोजून सारख्या काढलेल्या रेघा सारख्या दिसत नाहीत. कंपास आणि पट्टी कच्च्या आराखड्यापुरती वापरावी आणि शेवटचा निर्णय डोळ्यावर सोडावा, हा नियम देवनागरीत रोमनपेक्षाही कडक लागू पडतो.

देवनागरीची अडचण नेमकी कोठे आहे

रोमन लिपीतली मोठी अक्षरे दोन रेघांच्या मध्ये उभी राहतात. वर काही नाही, खाली काही नाही, त्यामुळे त्यांना जाडजूड करणे तुलनेने सोपे जाते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार येतात, मधल्या उंचीत जोडाक्षरे दाटीवाटीने बसतात, आणि या सगळ्यावरून एक जाड आडवी रेघ सलग धावते. तेवढ्याच उंचीत दुप्पट शाई ओतल्यासारखे होते. म्हणून रोमनचे सर्वांत जाड वजन (वजन म्हणजे फॉन्टमधली रेघांच्या जाडीची पायरी) पाहून देवनागरीचेही सर्वांत जाड वजन घेतले, की मराठी नाव इंग्रजी नावापेक्षा काळेकुट्ट आणि गुदमरलेले दिसते.

एक जुना अनुभव सांगतो. द्राक्षांच्या निर्यातीत असलेल्या एका ग्राहकाला शीतगृहाच्या भिंतीवर ‘द्राक्ष’ हा शब्द अशाच अक्षरात हवा होता. संगणकाच्या पडद्यावर तो फार रुबाबदार दिसत होता आणि मीही त्यावर खूश होतो. भिंतीवर चढल्यावर रस्त्याच्या पलीकडून पाहिले, तर ‘क्ष’च्या डावीकडची छोटी गाठ पूर्ण बुजली होती आणि ‘द्र’च्या पायाशी असलेली तिरकी रेघ ‘द’च्या शेपटीत मिसळून गेली होती. शब्द ओळखीचा असल्यामुळे लोक वाचत होते खरे, पण ते अंदाजाने वाचत होते. दुसऱ्यांदा मी दोन पायऱ्या कमी वजन घेतले, ‘क्ष’च्या गाठीतली पोकळी हाताने मोठी केली आणि ‘द्र’मधली तिरकी रेघ थोडी खाली, मोकळ्या जागेत ओढली. अक्षरांची उंची तीच ठेवली होती, तरी शब्द मोठा झाल्यासारखा वाटला. तेव्हापासून ‘द्राक्ष’ हा माझा चाचणीचा पहिला शब्द आहे.

दुसरा शब्द ‘त्र्यंबकेश्वर’. यात ‘त्र्य’ आहे, त्यावर अनुस्वार आहे, पुढे ‘श्व’ आहे आणि मात्राही आहे. ज्या फॉन्टमध्ये हा शब्द सर्वांत जाड वजनातही मोकळा श्वास घेतो, त्या फॉन्टवर पुढे विश्वास टाकायला हरकत नाही. या दोहोंबरोबर ‘दुसऱ्या’, ‘टर्निंग’ आणि ‘ऑटोमेशन’ हेही शब्द लिहून पाहावेत. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ कित्येक फॉन्टांत चुकतो किंवा चिमुकला होऊन हरवतो, ‘टर्निंग’मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात, आणि ‘ऑ’ची चंद्रकोर जाड वजनात नुसता ठिपका होऊन बसते.

भविष्यवेधी दिसावे म्हणून अक्षरातले काही भाग गाळण्याची पद्धत आहे. नासाने १९७५ मध्ये स्वीकारलेल्या बोधचिन्हात रोमन ‘ए’ची आडवी रेघ काढून टाकलेली आहे आणि तरी ते नाव बिनचूक वाचले जाते. तोच मोह आपल्याकडे शिरोरेषेच्या आणि गाठींच्या बाबतीत होतो. येथे फार सावध राहावे लागते, कारण आपली काही अक्षरे केवळ एका गाठीने किंवा शिरोरेषेतल्या एका फटीने वेगळी ओळखू येतात. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्या कागदावर शेजारी लिहून पाहिल्या की हे ध्यानात येते. ‘धन’ आणि ‘घन’ यांत अर्थाचे अंतर केवढे आहे! ‘ख’चे दोन भाग तळाशी जोडलेले नसतील तर त्याचा ‘रव’ होतो. म्हणून शिरोरेषा काढायचीच असेल तर आधी त्या नावात या जोड्यांपैकी कोणते अक्षर आहे का ते पाहावे आणि असेल तर त्याची गाठ इतर सर्व भागांपेक्षा ठळक ठेवावी. ज्या नावात ‘ग’, ‘न’, ‘र’, ‘ल’, ‘त’ अशी निःसंदिग्ध अक्षरे आहेत, तेथे शिरोरेषा गाळल्याने काही बिघडत नाही आणि अक्षरे खरोखरच नवी वाटतात.

वर्तुळ की फुगीर चौकोन, हा प्रश्नही पोकळीनेच सोडवावा. ‘व’, ‘ब’, ‘क’, ‘ष’ यांची पोटे उभ्या कान्याला टेकतात. पोट वर्तुळाचे केले तर वर्तुळ आणि काना यांच्यामध्ये वर-खाली निमुळत्या फटी उरतात, आणि जाड वजनात त्या पहिल्यांदा बुजतात. पोट फुगीर चौकोनाचे केले तर आतली पांढरी जागा कान्याला समांतर राहते आणि त्याच रुंदीत जास्त पोकळी मिळते. माझ्या मते जाड देवनागरीला चौकोनी घडण वर्तुळापेक्षा अधिक मानवते. याला एक सुंदर अपवाद ‘ठ’ आहे. शिरोरेषेखाली छोटा दांडा आणि त्याला लटकलेले पूर्ण वर्तुळ, असे हे अक्षर जणू भूमितीच्या वहीतूनच उतरले आहे.

तयार फॉन्टांतून निवड

सर्वांना परवडेल असा मार्ग म्हणजे मुक्त परवान्याचे फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर असे अनेक देवनागरी फॉन्ट मिळतात आणि त्यांतील बहुतेक एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. या परवान्यानुसार पाटी, छपाई, संकेतस्थळ यांवर व्यावसायिक वापर करता येतो, मात्र फॉन्टची फाइल तेवढीच सुटी विकता येत नाही.

अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’ हा वर्तुळाधारित भौमितिक फॉन्ट आहे, त्यात रोमन आणि देवनागरी दोन्ही आहेत आणि वजने नऊ आहेत. अवकाशयानाचा भास त्यातून कमी होतो, पण स्वच्छ, आधुनिक नावासाठी तो भरवशाचा आहे. त्याच फाउंड्रीचे ‘राजधानी’ आणि ‘टेको’ हे चौकोनी घडणीचे आहेत. दोन्ही अरुंद असल्यामुळे ‘इंजिनिअरिंग’सारखे लांब शब्द आखूड पाटीवर बसवायला उपयोगी पडतात, आणि राजधानीच्या कोपऱ्यांत यंत्राचा ठसा स्पष्ट दिसतो. ‘सरपंच’ हा मात्र खास मोठ्या आकारासाठी केलेला, चौकोनी अंगाचा, सहा वजनांचा फॉन्ट आहे. त्याच्या साध्या वजनात रेघा जवळजवळ एकसारख्या असतात आणि वजन वाढेल तसा जाड-बारीक रेघांतला फरक वाढत जातो. वर सांगितलेली आडव्या-उभ्या रेघांची तडजोड त्यात उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळते. ‘असेच मराठीत करून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकासमोर मी पहिल्यांदा सरपंच ठेवतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा ‘मोदक’ अतिशय जाड आहे आणि त्यातली पोकळी केसाएवढी करूनही वाचनीयता टिकवली आहे, पण त्याचा स्वभाव गोड आणि गुबगुबीत आहे, यंत्राचा नाही. तो मिठाईच्या खोक्यावर शोभेल, लेथच्या कारखान्यावर नाही.

ग्राहक बहुधा ‘ऑर्बिट्रॉन’ हा रोमन फॉन्ट मागतात. त्यात देवनागरी मुळीच नाही. तरीही संगणकावर ऑर्बिट्रॉन निवडून मराठी टाइप केले की अक्षरे उमटतात, कारण यंत्र परस्पर दुसरा कोणतातरी देवनागरी फॉन्ट घालते. अशा तऱ्हेने तयार झालेल्या पाट्या शहरात ठिकठिकाणी दिसतात: वर इंग्रजी नाव दिमाखदार आणि खाली मराठी नाव सरकारी अर्जावरचे. इंग्रजीसाठी ऑर्बिट्रॉन घ्यायचाच असेल, तर मराठीसाठी सरपंच किंवा राजधानी हाताने निवडावा.

फॉन्टमध्ये जाड वजन नसेल तर संगणकाच्या ठळक करण्याच्या बटणाला हात लावू नये. ते बटण अक्षराच्या कडा सर्व बाजूंनी फुगवते, त्यामुळे बाहेरचा भाग वाढतो तसा आतलाही वाढतो आणि पोकळी आक्रसते. अक्षर जाड करण्याचे काम अक्षर काढणाऱ्यानेच करायचे असते.

एकच शब्द स्वतः घडवायचा असेल तर

बोधचिन्हासाठी पूर्ण फॉन्टची गरज नसते. चार-पाच अक्षरे नीट काढता आली तरी पुरते, आणि त्यात हवे ते स्वातंत्र्य मिळते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी शीर्षके काढली, त्यांत प्रत्येक नावाला त्याच्या आशयाचे रूप मिळालेले दिसते, आणि ती सर्व हाताची कमाई आहे. समजा, ‘वेध’ हा शब्द घडवायचा आहे.

चौकटीचा कागद घ्यावा. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या पायापर्यंत दहा घरे धरावीत आणि मात्रेसाठी वर चार घरे मोकळी सोडावीत. काना दोन घरे जाड ठेवावा, शिरोरेषा दीड घर. ‘व’चे पोट फुगीर चौकोनाचे काढावे आणि त्यातली पोकळी कान्याच्या जाडीपेक्षा कधीही अरुंद होऊ देऊ नये, म्हणजे ती किमान दोन घरे, आणि जमले तर तीन घरे रुंद असावी. पोटाची आडवी रेघ कान्याला मिळते तेथे ती पाव घराने बारीक करावी, नाहीतर सांध्यावर काळा डाग दिसतो. मात्रा वळणदार काढण्याऐवजी ४५ अंशांत कापलेली सरळ पट्टी ठेवावी आणि तिचा पाय कान्याच्या बरोबर डोक्यावर टेकवावा.

आता ‘ध’. त्याचे खालचे पोट ‘व’च्या पोटाशी नाते सांगणारे असावे, म्हणजे शब्द एका हाताचा वाटतो. वरच्या डाव्या बाजूची गाठ येथे जिवाची गोष्ट आहे. ती शिरोरेषेला चिकटली की ‘घ’ वाटायला लागतो, म्हणून शिरोरेषा डावीकडे तोडावी आणि गाठ व शिरोरेषेचे टोक यांच्यामध्ये किमान एक घर मोकळे सोडावे. ही फट भिंतीवर अर्ध्या इंचाची होणार असेल, तर ती लांबून दिसणार नाही, तेव्हा दीड घर सोडावे. त्यानंतर कागद दूर धरून डोळे किलकिले करून पाहावे. जेथे काळेपणा साठलेला दिसेल, तेथून रेघ थोडी खरवडावी. हे तीन-चार वेळा करावे लागते, आणि त्यातच या कामाचा खरा आनंद आहे.

आकार, अंतर आणि दोन लिपींची बरोबरी

आरामात वाचता यावे यासाठी दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच उंचीचे अक्षर, असा पाट्यांच्या कामात ठोकताळा आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पाटी ५० मीटरवरून वाचता यावी असे वाटत असेल, तर वाचकाच्या हाती जेमतेम तीन सेकंद आहेत आणि अक्षर सुमारे ४२ सेंटिमीटर उंच हवे. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून पायापर्यंतची धरावी, वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेवटापर्यंतची नव्हे. वरची आणि खालची चिन्हे धरून एकूण उंची ७० सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे तीन फुटी पाटीवर कडेला बेताचीच जागा उरते. तीन सेकंदांत तीन-चार शब्दांपेक्षा अधिक वाचले जात नाहीत, म्हणून या अक्षरात फक्त नाव लिहावे. ‘सर्व प्रकारचे जॉब वर्क करून मिळेल’ हा मजकूर ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्ये खाली द्यावा.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार नामफलकावर मराठी मजकूर सुरुवातीलाच असावा लागतो आणि मराठी अक्षरांचा आकार इतर कोणत्याही भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. येथे एक फसगत होते. संगणकात दोन्ही लिपींना तोच पॉइंट आकार दिला तरी देवनागरी लहान दिसते, कारण त्याच उंचीत तिला मात्रा आणि उकार यांची सोय करायची असते. मी रोमन मोठ्या अक्षराची उंची आणि देवनागरीची शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची पट्टीने जुळवतो आणि मग देवनागरी आणखी थोडी, दहा ते पंधरा टक्के, वाढवतो. कायद्याचे पालन तर होतेच, शिवाय मराठी नाव यजमानासारखे दिसते.

रोमन अक्षरांमध्ये ऐसपैस अंतर सोडले की ती अधिक आधुनिक भासतात. देवनागरीत तसे करू नये. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषेला तडे जातात आणि शब्द तुटलेल्या दोरीसारखा दिसतो. रुंदी हवी असेल तर मुळात रुंद घडणीचा फॉन्ट घ्यावा. दोन ओळींमधले अंतरही रोमनच्या मापाने ठेवू नये, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी किंवा उजळलेली अक्षरे असतील तर वजन एक पायरी कमी घ्यावे. प्रकाश पसरतो आणि रात्री पोकळी दिवसापेक्षा लहान दिसते. एलईडीच्या पाट्यांत हे विसरले की ‘क्ष’ पुन्हा बुजतो.

संगणकावरची काळजी

मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत, आणि राज्य शासनाने २०२२ मध्ये काढलेल्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचाच आग्रह धरला आहे. अनेक चांगल्या फॉन्टांत ही दोन्ही रूपे असतात, पण भाषा मराठी आहे असे सांगितल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन या मांडणीच्या प्रणालींमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडावी, आणि संकेतस्थळावर पानाच्या भाषेची खूण मराठीची द्यावी. याच दोन प्रणालींत परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे आपल्यासारख्या लिपी नीट जुळवणारा पर्याय, निवडलेला नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे पाय मोडल्यासारखी सुटी पडतात. रबरी शिक्क्यापासून रिक्षाच्या मागच्या काचेपर्यंत हा दोष पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण तो दोन मिनिटांत टाळता येतो.

पूर्वीच्या, युनिकोड या आजच्या सामाईक संकेतपद्धतीत नसलेल्या फॉन्टांत केलेला मजकूर नव्या फॉन्टमध्ये बदलला तर त्याची इंग्रजी चिन्हे होतात. असे नाव रूपांतरित करत बसण्यापेक्षा पुन्हा टाइप करणे अधिक सुरक्षित असते.

कटिंगला फाइल देताना

छपाईवाल्याकडे किंवा रेडियम कटिंगवाल्याकडे फाइल देताना ‘कर्व्ह करून द्या’ असे सांगितले जाते. मजकूर कर्व्ह केला, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा केल्या, की फॉन्ट नसलेल्या संगणकावरही अक्षरे बदलत नाहीत. पण देवनागरीत तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, आणि काना, मात्रा, वेलांटी हेही बहुधा वेगळे तुकडे असतात. कोरल या प्रणालीत ते सर्व वेल्ड केले, म्हणजे एकसंध जोडले नाहीत, तर प्लॉटर या कापणाऱ्या यंत्राची सुरी प्रत्येक चढलेल्या जागी आडवी फिरते आणि चिकटवताना शब्दाचे तुकडे हातात येतात. पहिल्या वर्षी माझा पूर्ण एक रोल असा वाया गेला. आता फाइल पाठवण्यापूर्वी मी भराव काढून नुसती बाह्यरेषा पाहतो. शिरोरेषेत एकही उभी रेघ दिसता कामा नये.

रेडियममध्ये तीन मिलिमीटरपेक्षा लहान पोकळी ठेवू नये, कारण ती सोलून काढताना शेजारची रेघही उचलली जाते. आतले टोकदार कोपरेही उन्हात आधी सुटतात, तेव्हा त्यांना बारीकशी गोलाई द्यावी. या घडणीला ती शोभूनही दिसते.

अक्रिलिकच्या उठावदार अक्षरांत शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एकच तुकडा होतो. अक्रिलिकचा नेहमीचा पत्रा आठ फूट बाय चार फुटांचा असतो, म्हणून लांब नावाचा जोड कोठे येणार ते आधीच ठरवावे. जोड शिरोरेषेवर दोन अक्षरांच्या मधोमध घ्यावा, कान्यावर घेऊ नये. आत एलईडी बसवायचे असतील तर रेघेची जाडी कारागिराला आधी दाखवावी. शिरोरेषा बारीक ठेवली आणि तिच्यात दिवेच मावले नाहीत, तर रात्री अक्षरे डोक्याविना उजळतात.

कोठे वापरू नये

येवल्याच्या पैठणीच्या दुकानाला, सराफ बाजारातल्या जुन्या पेढीला किंवा पंचवटीतल्या धर्मशाळेला हे अक्षर देऊ नये. तेथे बोरूच्या वळणाचे, जाड-बारीक रेघांचे अक्षर अधिक आपले वाटते. सिंहस्थात घाटांकडे जाणाऱ्या वाटा दाखवणारे फलक असोत किंवा रुग्णालयातल्या दिशादर्शक पाट्या असोत, गोंधळलेल्या माणसाला क्षणात वाचता येईल असे साधे अक्षरच तेथे हवे. निमंत्रणपत्रिकेतला परिच्छेद किंवा माहितीपत्रकातला मजकूर यासाठीही हे अक्षर नाही. बारा-चौदा पॉइंटांत त्याची पोकळी टिकत नाही.

लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर

पाटी बनवायला टाकण्यापूर्वी नाव एक दशांश मापात साध्या कागदावर छापावे. ४२ सेंटिमीटरचे अक्षर तेथे ४२ मिलिमीटरचे होईल. कागद भिंतीला चिकटवून पाच मीटर मागे उभे राहावे, म्हणजे ५० मीटरवरून पाटी कशी दिसेल ते कळते. शक्यतो ज्याला ते नाव माहीत नाही अशा कोणाकडून तरी तीन सेकंदांत वाचून घ्यावे. तो अडखळला तर कोणत्या अक्षरावर अडखळला ते विचारावे आणि त्याच अक्षराची पोकळी वाढवावी.

पाटी चढल्यानंतर एकदा सकाळच्या उन्हात आणि एकदा दिवे लागल्यावर समोरच्या बाजूने जाऊन पाहावे. मोबाइलवर छायाचित्र काढून ते बोटाच्या नखाएवढे करून पाहिले, तरी बुजलेली जागा लगेच सापडते. कारागीर अजून शिडीवर असेल तोवर एखादा अनुस्वार सरकवता येतो. मूळ टाइप केलेली आणि वेल्ड केलेली अशा दोन्ही फाइली, फॉन्टच्या नावासह आणि वजनासह, मालकाच्या स्वाधीन कराव्यात. पुढच्या वर्षी त्याच्या टेम्पोवर, बिलावर किंवा कामगारांच्या शर्टावर हेच नाव घालायचे असते.